असिस्टेड लिव्हिंग बघताय? मग 'शासनमान्य' म्हणजे नेमकं कशाला मान्यता ते आधी विचारा

पुणे, नाशिक, ठाणे, कुठेही ज्येष्ठांच्या निवासाची चौकशी केली की व्हॉट्सॲपवर एक चकचकीत पीडीएफ येते, पहिल्याच पानावर 'शासनमान्य' नाहीतर 'रजिस्टर्ड संस्था' असं ठळक लिहिलेलं असतं, खाली एक रजि. नंबर, आणि तो बघून आपल्याला जरा हायसं वाटतं. परदेशातली मुलं तर पहिला प्रश्नच हा विचारतात, लायसन्स्ड आहे ना? त्यांच्या जागी ते बरोबर आहेत, कारण अमेरिकेत असं निवास चालवायला त्या त्या राज्याची परवानगी लागते आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर तपासणीत काय काय त्रुटी सापडल्या तेही घरबसल्या वाचता येतं. आपल्याकडे महाराष्ट्रात खासगी असिस्टेड लिव्हिंगसाठी असं सगळं एका कागदात बसवणारं लायसन्स आजतरी नाहीये. त्यामुळे "लायसन्स आहे का?" याला "हो आहे की" हे उत्तर अगदी खरं असू शकतं, आणि तरी त्या कागदाचा तुमच्या आईच्या रात्रीच्या गोळ्यांशी काडीचा संबंध नसतो.

माझ्या आत्याच्या वेळी आम्ही बऱ्याच जागा पालथ्या घातल्या, तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी फोन करून विचारतं, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. थोडं लांबेल, पण विषयच तसा आहे.

आधी माणूस बघा, मग जागा

सीनियर लिव्हिंग, वृद्धाश्रम, असिस्टेड लिव्हिंग, नर्सिंग केअर, हे शब्द सध्या इतके सरमिसळ वापरतात की जाहिरातीवरून काहीच कळत नाही. ढोबळमानाने सांगायचं तर सीनियर लिव्हिंग म्हणजे हिंडत्याफिरत्या लोकांसाठी सोयीचे फ्लॅट, पुण्यात अथश्रीसारखे प्रकल्प बऱ्याच जणांना माहिती असतात, तिथे तुम्ही तुमचं घर चालवता आणि मदतीला मेस, क्लब, इमर्जन्सी बेल वगैरे असतं. वृद्धाश्रम म्हणजे खोली आणि जेवणखाण, राहणाऱ्याने स्वतःचं स्वतः करायचं अशी बहुतेक ठिकाणी अपेक्षा. असिस्टेड लिव्हिंगमध्ये अंघोळ, कपडे, औषधं यात रोज हाताशी माणूस असतो. आणि नळी, ऑक्सिजन, बेडसोरचं (एकाच जागी पडून राहून होणाऱ्या जखमांचं) ड्रेसिंग, इंजेक्शनं हे सुरू झालं की ते नर्सिंग केअर. एकाच इमारतीत चारही प्रकार असू शकतात, चार मजल्यांवर चार दर.

तुमच्या माणसाला यातलं काय लागणार हे ठरवायला डॉक्टर साध्या सहा गोष्टी बघतात: अंघोळ, कपडे घालणं, टॉयलेटला जाणं, पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि हाताने जेवणं. प्रत्येक गोष्ट स्वतः जमते, थोडी मदत लागते की पूर्ण दुसऱ्याने करावी लागते, एवढंच वहीत लिहायचं, पण एका दिवसाचं लिहू नका. आठ-पंधरा दिवस लिहा, कारण पाहुणे आले की आपली सगळी म्हातारी माणसं एकदम ताठ होतात, "मला काय धाड भरलीये" म्हणतात आणि पाहुणे गेले की भिंतीला धरून बाथरूम गाठतात. रात्री किती वेळा उठतात तेही लिहा. विसराळूपणाचा रकाना वेगळा ठेवा, गॅस चालू राहिला का, तीच गोळी दोनदा घेतली का, संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" सुरू होतं का.

आणि एक, कुठेही भरती करायच्या आधी डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्या. अचानक बरळायला लागणं, भलतंच वागणं यामागे कधीकधी सोडियम कमी झालेलं असतं, युरिन इन्फेक्शन असतं, बी-१२ किंवा थायरॉइडची भानगड असते, कधी नुसतं ऐकूच येत नसतं. उपचाराने सुधारणाऱ्या गोष्टीसाठी माणसाचं घर हलवण्यात अर्थ नाही.

कोणता कागद कशाबद्दल बोलतो

आता त्या 'रजिस्टर्ड'कडे येऊ. बहुतेक वेळा तो नंबर असतो ट्रस्टचा, म्हणजे १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे केलेली नोंदणी. त्यातून एवढंच कळतं की अशी संस्था अस्तित्वात आहे, तिचे विश्वस्त अमुक आहेत आणि हिशेब द्यायची तिची जबाबदारी आहे. ८०जी लिहिलेलं असेल तर तुम्ही दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते. कंपनी असेल तर कंपनीचा नंबर, छोटा मालक असेल तर शॉप ॲक्ट, म्हणजे जो किराणा दुकानवाल्याकडेही असतो. यातला एकही कागद देताना कोणी येऊन बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का ते बघितलेलं नसतं.

दुसरा नंबर दिसतो महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा. हा बिल्डरच्या प्रकल्पांना असतो. २०२४ साली महारेराने ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात व्हीलचेअर जाईल अशा लिफ्ट, किमान ९०० मिलिमीटर रुंदीचे दरवाजे, पायऱ्यांऐवजी रॅम्प, बाथरूममध्ये दांड्या आणि न घसरणाऱ्या फरश्या असल्या गोष्टी आहेत. चांगलंच आहे, फ्लॅट विकत घेणार असाल तर विक्री करारात हे लिहिलंय का बघाच. पण हे सगळं झालं भिंती आणि फरशीबद्दल, त्या फरशीवर पडल्यावर उचलायला कोण येणार याबद्दल महारेराचा नंबर काही सांगत नाही. बिल्डर 'केअर'साठी बहुतेकदा वेगळीच कंपनी नेमतो, तिच्याशी करारही वेगळा होतो आणि ती उद्या बदलूही शकते. त्यामुळे सेवा देणारी कंपनी गेली तर पुढे काय, हा प्रश्न फ्लॅट बघतानाच विचारायचा.

मग येतो सगळ्यात कामाचा कागद आणि नेमका तोच कोणी विचारत नाही, नर्सिंग होमची नोंदणी. आपल्या राज्यात यासाठी १९४९चा कायदा आहे आणि त्याच्या व्याख्येत आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा येते. म्हणजे एखादं निवास नळीवाले, बेडरिडन पेशंट घेत असेल, सलाईन लावत असेल, तर "आम्ही फक्त वृद्धाश्रम आहोत" म्हणून हात झटकणं पटण्यासारखं नाही. महापालिका हद्दीत ही नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे होते, सर्टिफिकेटवर खाटांची संख्या आणि मुदत असते. तिथे लिहिलेल्या खाटा आणि प्रत्यक्षात दिसणारे पलंग याचा ताळमेळ लागतो का तेवढं बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

डिमेन्शियाचा पेशंट असेल तर अजून एक. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि भान यात मोठा बिघाड होऊन माणसाचा निर्णय, वागणं आणि रोजचा व्यवहार कोलमडणं हेही धरलंय, आणि अशा माणसांना राहायला ठेवून काळजी घेणाऱ्या संस्थेने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते. याच कायद्याने साखळीने बांधायला बंदी आहे आणि हातपाय बांधून ठेवण्यावर कडक अटी आहेत: दुसरा काहीच मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपुरतं आणि नोंद करून. म्हणून 'मेमरी केअर' असं बोर्डावर लिहिणाऱ्यांना सरळ विचारा की पेशंट रात्री उठून फिरायला लागला तर तुम्ही काय करता? "झोपेची गोळी देतो" आणि "जरा ओढणीने सैल बांधून ठेवतो" ही दोन्ही उत्तरं मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहेत, दोन्ही ठिकाणी माणसं बोलायला अतिशय गोड होती.

बाकीचे कागद पटकन सांगते. स्वयंपाकघराला अन्नसुरक्षेची म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी. फायरची एनओसी, पण नुसती एनओसी जुनी फ्रेम करून लावलेली असते, त्यापेक्षा फॉर्म बी विचारा. २००६च्या महाराष्ट्राच्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचं हे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. स्वतःहून न उठणारी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर झोपवलेली असतील तर हा कागद माझ्या मते जेवणाच्या मेनूपेक्षा महत्त्वाचा. आणि नर्स असेल तर ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेली आहे का, जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा) आहे की एएनएम (त्याहून छोटा कोर्स). पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी 'सिस्टर' नसते, माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून आलेली मावशी सहा महिन्यांच्या अनुभवावर सिस्टर झालेली असू शकते.

कायदा कुठे थांबतो

२००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सगळ्यांनी ऐकलेला असतो, मुलं बघत नाहीत म्हणून प्रांताकडे अर्ज करता येतो तो हाच. त्यात वृद्धाश्रमांचाही उल्लेख आहे, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा एकतरी आश्रम राज्याने टप्प्याटप्प्याने उभारावा असं म्हटलंय. पण महिना चाळीस-पन्नास हजार घेणाऱ्या खासगी निवासात किती माणसांमागे किती मावशी हव्यात, असं काही त्यात नाही. ही फट बुजवायला २०१९ साली लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात ज्येष्ठांच्या केअर होमची आणि घरी माणूस पाठवणाऱ्या संस्थांचीही नोंदणी आणि किमान दर्जा ठरवायची तरतूद होती. ते कधी मंजूरच झालं नाही आणि २०२४ साली लोकसभेची मुदत संपली तेव्हा तेही संपलं. समाजकल्याणच्या अनुदानावर चालणारे आश्रम, १९९५ साली सुरू झालेल्या मातोश्री योजनेतले वगैरे, यांच्यावर सरकारी देखरेख असते, पण ते वेगळे आणि तिथे येणारी गरजही बहुतेक वेगळी.

थोडक्यात इमारत, स्वयंपाकघर, आग, वैद्यकीय खाटा यांना विचारणारं कोणीतरी आहे. आंघोळ प्रेमाने घातली की खसाखसा, डायपर चार तास तसाच राहिला का, हाक मारल्यावर किती वेळाने कोणी आलं, हे बघणारं ऑफिस नाही. तेवढा भाग तुम्हाला दोन मार्गांनी सांभाळायचाय, जागेवर जाऊन आणि करारात लिहून घेऊन.

बघायला कधी जायचं

अपॉइंटमेंट घेऊन रविवारी सकाळी गेलात तर रांगोळी दिसेल. एकदा तसं जा, मॅनेजरशी बोलायला ते लागतंच. मग दुसऱ्यांदा न सांगता संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला जा, जेव्हा जेवणं उरकत असतात, दिवसपाळीची माणसं निघायच्या घाईत असतात आणि डिमेन्शियावाल्यांची बेचैनी वाढलेली असते. आत सोडलं नाही तर का सोडलं नाही ते विचारा. राहणाऱ्यांच्या प्रायव्हसीचं कारण योग्य आहे आणि कोणाच्या खोलीत डोकावायचा आपल्याला हक्क नाही, पण निदान जेवणघरापर्यंत, बैठकीच्या हॉलपर्यंत तरी येऊ द्यायला हरकत नसावी.

माणसांचं प्रमाण विचारताना एक मेख असते. "पन्नास जणांमागे वीस स्टाफ आहे हो" असं सांगतात, त्या विसात माळी, ड्रायव्हर, स्वयंपाकी, ऑफिसातली मुलगी, सुट्टीवर गेलेले आणि दोन्ही पाळ्या सगळे धरलेले असतात. प्रश्न असा विचारा: काल रात्री दोन वाजता या मजल्यावर जागं कोण होतं, त्यांची नावं काय आणि त्यांच्याकडे किती पेशंट होते? ड्यूटी रजिस्टर दाखवा म्हणा. चांगली जागा असेल तर रजिस्टर लगेच समोर येतं, नसेल तर "तसं काही टेन्शन नाही, आम्ही असतोच इथे" असं काहीतरी ऐकायला मिळतं. आणि मावशींशी बोला, मॅनेजर नसताना. किती वर्षं आहात इथे? पगार वेळेवर होतो का? गंमत वाटेल, पण माझ्यासाठी हा दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त सांगून जातो, कारण जिथे दर दोन महिन्यांनी माणूस बदलतो तिथे तुमच्या वडिलांना गरम चहा चालत नाही की डाव्या हाताने धरून उठवावं लागतं हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

डॉक्टर 'उपलब्ध' आहेत म्हणजे काय तेही खोदून विचारा, राहतात, रोज येतात, आठवड्यातून एकदा येतात की फोनवर उपलब्ध? पडलं, छातीत दुखलं, तर कोणत्या हॉस्पिटलला नेतात, सोबत कोण जातं, तुम्हाला फोन आधी करतात की अॅम्ब्युलन्स आधी बोलावतात? (अॅम्ब्युलन्सच आधी हवी, आणि तुम्हीही तसं स्पष्ट सांगून ठेवा, नाहीतर ते तुमचा फोन लागायची वाट बघत बसतात.)

नाकाने बघा. लघवीचा वास एखाद्या खोलीत येणं साहजिक आहे, सगळ्या मजल्यावर येत असेल तर तो माणसं कमी असल्याचा वास आहे, आणि फिनाइलचा घमघमाट असेल तर तुम्ही येणार हे माहिती होतं. बेल दाबून बघा आणि घड्याळ लावा. पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर आहे का बघा. नखं बघा, लोकांची, कापलेली आहेत का. टीव्हीसमोर ओळीने बसवलेत आणि कोणीच टीव्ही बघत नाहीये असं दिसलं तर 'ॲक्टिव्हिटी कॅलेंडर'कडे फार लक्ष देऊ नका. अंथरुणाला खिळलेले कोणी असतील तर कूस किती वेळाने बदलता विचारा, साधारण दर दोन तासांनी बदलण्याची पद्धत आहे आणि त्याची नोंद ठेवलेली असायला हवी.

जेवून बघा हे वेगळं सांगायला नकोच. पण तुमच्या माणसाचं पथ्य त्यांना झेपेल का ते बघा, रोज मऊ भात आणि पातळ वरण दोन्ही वेळा मिळेल का, उपास करतात का, मासे खाणाऱ्याला कधीतरी मासे मिळतील का, कारण बऱ्याच जागा शुद्ध शाकाहारी असतात आणि आयुष्यभर बाजारातून सुरमई आणलेल्या माणसाला हे फार जड जातं.

करार: इथे घाई करायची नाही

छापील करार हातात देऊन "इथे इथे सह्या करा" म्हणतात. घरी घेऊन या, दोन दिवस वाचा, जमलं तर वकील मित्राला दाखवा. सगळी कलमं सारखी महत्त्वाची नसतात, माझ्या मते डोळ्यात तेल घालून बघायचं ते एकच कलम, की कोणत्या परिस्थितीत ते तुमच्या माणसाला परत न्यायला सांगू शकतात. 'संस्थेला योग्य वाटल्यास' असं लिहिलं असेल तर ते बदलून घ्या. कारण होतं काय, माणूस हिंडताफिरता असताना घेतात, दोन वर्षांनी तो पडतो, मांडीचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं आणि हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळायच्या दिवशी निवासाचा फोन येतो की आता आमच्याकडे हे जमणार नाही. म्हणजे ज्या दिवशी तुम्हाला जागेची सगळ्यात जास्त गरज त्याच दिवशी जागा गेली. म्हणून राईल्स ट्यूब (नाकातून जेवण द्यायची नळी), कॅथेटर (लघवीची नळी), डिमेन्शिया, पूर्ण बेडरिडन, या प्रत्येकासाठी ठेवून घेणार की नाही, घेणार तर किती जादा पैशात आणि नाही तर किती दिवसांची नोटीस, हे नावानिशी लिहून घ्या. "बघू ना तेव्हा, माणुसकी आहे" हे कितीही मनापासून म्हटलेलं असो, कागदावर नसेल तर ते मॅनेजरबरोबर निघून जातं.

मग पैसे. डिपॉझिट परत मिळणार का, किती कापून, किती दिवसांत, आणि माणूस गेला तर कोणाच्या नावाने. काही ठिकाणी डिपॉझिट दरवर्षी थोडं थोडं 'जिरवतात', चालेल, पण किती ते आकड्यात हवं. महिन्याच्या फीमध्ये काय येत नाही याची यादी मागा: डायपर, औषधं, फिजिओथेरपी, डॉक्टर व्हिजिट, खास मावशी, अॅम्ब्युलन्स, एसीची वीज, कपडे धुणं. फीचा आकडा एक असतो आणि बिल येतं दीडपट, कारण ही यादी कोणी मागितलेली नसते. हॉस्पिटलमध्ये पंधरा दिवस गेले तर तेव्हाची फी पूर्ण की अर्धी?

दरवाढीचं कलम लोक वाचून सोडून देतात. साधा हिशेब करा, समजा आज ४०,००० रुपये महिना आहे आणि दरवर्षी ८ टक्के वाढ, तर पाच वर्षांनी ते जवळपास ५८,८०० होतात, १० टक्के असेल तर साधारण ६४,४००. आणि हे त्याच पातळीच्या काळजीचे, मधे गरज वाढली तर दरही वरच्या टप्प्यात जातो. पेन्शन तेवढी वाढते का, एफडीचं व्याज पुरतं का, भावंडांत कोण किती देणार, हे आजच बोलून घ्या, नंतर त्यावरून भांडणं होतात आणि ती फार वाईट असतात. मेडिक्लेम यातलं काही देत नाही, तो हॉस्पिटलमध्ये भरती झाल्यावरचा खर्च देतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ७० वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड सुरू झालं, ५ लाखांपर्यंतचं, तेही हॉस्पिटलमधल्या उपचारासाठीच. कार्ड मात्र काढून ठेवा, फुकट आहे आणि उद्या उपयोगी पडेल.

सही कोणाची

करारावर सही शक्यतो स्वतः आईची, वडिलांची हवी. भान असलेल्या माणसाला विचारल्याशिवाय, फसवून, "चार दिवस हवापालटाला जाऊ" म्हणून नेऊन सोडणं हे मला अजिबात पटत नाही, आणि व्यवहार म्हणून बघितलं तरी ते अंगाशी येतं, माणूस जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. महिनाभर ट्रायल म्हणून राहून बघायची सोय बऱ्याच जागी असते, ती घ्या. नाही आवडलं तर परत यायचं, हे खरंखुरं ठरवून घ्या, नुसतं बोलायला नको.

पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवली की झालं असं खूप जणांना वाटतं. आपल्या १८७२च्या करार कायद्याप्रमाणे ज्याने ती दिली त्याचं मानसिक भान सुटलं की ती संपते, म्हणजे डिमेन्शिया वाढल्यावर, जेव्हा खरी लागते, तेव्हाच ती चालत नाही. मग पालक नेमून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं. म्हणून बँकेत जॉइंट खातं, नॉमिनी, इच्छापत्र हे भान शाबूत असतानाच उरकून घ्या. शेवटच्या आजारात व्हेंटिलेटर वगैरे हवं की नको याचं लिव्हिंग विलही करता येतं, सुप्रीम कोर्टाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यात होतं. त्याची एक प्रत निवासाच्या फाइलमध्ये ठेवायला द्या. विषय निघालाच आहे तर हेही विचारून ठेवा की रात्री-अपरात्री तिथेच मृत्यू झाला तर डॉक्टर येऊन मृत्यूचं सर्टिफिकेट देतो का, परदेशातून मुलं यायची असतील तर शवागाराची सोय कुठे. विचारताना जीभ जड होते, पण जुन्या चांगल्या संस्थांकडे याची उत्तरं तयार असतात आणि त्यांना ऑकवर्ड वगैरे काही वाटत नाही.

राहायला गेल्यावर

पहिले तीन महिने वेगवेगळ्या वेळी जात राहा, गावात नसाल तर भाचा, शेजारी, मैत्रीण कोणालातरी पाठवा, ठरलेल्या वेळेचा व्हिडिओ कॉल हा भेटीला पर्याय नाही, त्या वेळेपुरते केस विंचरलेले असतात. दर महिन्याचं वजन मागा, म्हाताऱ्या माणसाचं वजन गुपचूप उतरत असेल तर खाण्यात, दातात, मनात किंवा तब्येतीत कुठेतरी गडबड आहे. पाठ, टाचा, माकडहाड बघा, लालसर चट्टा दिसला तर लगेच दाखवा, बेडसोरची सुरुवात तिथूनच होते. औषधांच्या चिठ्ठीवर झोपेची नवीन गोळी दिसली तर कोणी लिहिली आणि का ते विचारा.

खटकलं तर आधी लेखी द्या, व्हॉट्सॲपवर का होईना, पण तारखेनिशी. आरडाओरडा केला की त्याचा राग मागे राहिलेल्या माणसावर निघेल अशी भीती सगळ्यांनाच असते आणि ती अगदीच खोटी नाही, त्यामुळे भाषा सौम्य आणि मुद्दा पक्का ठेवा. उत्तर मिळालं नाही तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथून मार्ग सांगतात. फी घेऊन दिलेली सेवा असल्याने ग्राहक आयोगात जाता येतं, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण जिल्हा आयोगात चालतं, ऑनलाइन दाखल होतं आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. खाटा, नर्स, नळ्या याबद्दलची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, डिमेन्शियाच्या पेशंटला बांधून ठेवल्याची मानसिक आरोग्य यंत्रणेकडे, आणि मारहाण असेल तर सरळ पोलीस. यातल्या प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा मागतात ते पावत्या आणि करार, तेव्हा कॅश देऊन "पावती नंतर पाठवतो" याला पहिल्या दिवसापासूनच नाही म्हणा.